गुडघ्याचा आवाज

पन्नाशीला टेकलेल्या विदूषकाने आपल्या नाचात एक गंमत बसवली होती. गिरकी घेऊन तो खुर्चीत टेकला, की पडद्यामागचा तालवाला लाकडी ठोकळ्यावर ‘कट्ट’ वाजवायचा. जणू गुडघाच बोलला! लोक पोट धरून हसायचे.

त्या दुपारी रिकाम्या नाट्यगृहात शेवटची तालीम होती. बाकी दिवे बंद होते आणि समोरच्या बाल्कनीतून बायको त्याच्यावर एकच गोल झोत धरून होती. त्याने गिरकी घेतली, खुर्चीत टेकला.

कट्ट!

“आज अगदी वेळेवर हं, तालवाले!”

“अहो, ते कुठले आलेत?” बायको वरून म्हणाली. “वाटेत अडकलेत. आत्ताच फोन आला.”

त्याने पडदा सारला. ठोकळा स्टुलावर होता, काठी त्याच्यावर आडवी. तिथे चिटपाखरूही नव्हतं.

‘आपलाच गुडघा असणार, वय का लपतंय,’ असं म्हणत तो मंचाच्या मधोमध येऊन ताठ उभा राहिला. जागचा हललासुद्धा नाही.

कट्ट. या वेळी खुर्चीपाशी.

त्याने खुर्चीकडे मान वळवली. तेवढ्यात झोत त्याच्यावरून सरकला आणि हळूहळू जाऊन रिकाम्या खुर्चीवर थांबला.

“आता कसं!” बायको खुशीत हसली. “असे थकून बसलात ना, तेव्हा कुठे खरे म्हातारे वाटलात. उठू नका आता.”

“अगं, मी इकडे आहे!” विदूषक अंधारातून ओरडला.

त्याचा आवाज मात्र खुर्चीतून आला.