बाबांची आंघोळ

मोटारसायकलवरून पडून बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून हेमराज हिंगण्याच्या कंपनीतून रजा घेऊन नरखेडजवळच्या गावी आला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांना खुर्चीवर बसवून आंघोळ घालताना त्याला त्यांच्या अंडकोशावर बारीक जांभळ्या पुटकुळ्या दिसल्या. हुबेहूब तशाच त्यालाही वर्षभरापासून होत्या. एकदा त्यातून रक्त आलं, तेव्हापासून गुप्तरोग झाल्याच्या भीतीनं तो बायकोपासून वेगळा झोपत होता. "बाबा, हे काय आहे?" त्यानं कसंबसं विचारलं. "वीस वर्षं झाले त्याले. मीबी लय भेलो होतो. नागपूरच्या डॉक्टरनं पाहून सांगतलं, कातडीतल्या रक्ताच्या नळ्या फुगल्या, कोणाले लागत नाही, औषधबी नको." हेमराजनं हातातला तांब्या बादलीत ठेवला. "मलेबी आहेत, बाबा." "मंग उद्या त्याच डॉक्टरले दाखवून ये. तू हसून राहिला का रडून राहिला गा? पाणी टाक, थंडी वाजते मले."