कुंपणातला निळा कप

“माझ्या करवंदीच्या कुंपणातून मुंगीसुद्धा परवानगी घेऊन जाते!” कुलूपवाले काका येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. शेजारणीशी भांडण झालं, तेव्हा त्यांनीच ती काटेरी जाळी लावली होती. काकू वारल्यानंतर ते पहिल्यांदाच कुंपण छाटायला बसले आणि पिकल्या करवंदांमागे मूठ जाईल एवढं भोक सापडलं. कडेचे काटे नीट खुडलेले. पलीकडे शेजारीण दोन कप घेऊन बसलेली. “रोज दुपारी इथेच चहा व्हायचा आमचा,” ती म्हणाली. “तुमचं घोरणं सुरू झालं की यायची.” “मला कधी बोलली नाही!” “बोलली असती, तर भोक राहिलं असतं का, भावोजी?” तिने निळा कप पुढे केला. “हा तिचा.” हाच कप हरवला म्हणून काका काकूंवर डाफरले होते. तो घ्यायला त्यांनी भोकात हात घातला. भोक काकूंच्या हाताच्या मापाचं होतं. कप घेऊन हात मागे ओढताना बाही काट्यांत अडकली. कप फुटला.