एक कोटी तेवीस लाख वगैरे

"भिंतीवरच्या आकड्यांतला आठ कुठं गेला, बाई?" तपासणीला आलेल्या साहेबांनी १२३४५६७९ वर बोट ठेवलं.

आठ पेंटरनं गिळला होता. पण भिंत रंगवून घेतली होती बाईंनी, आणि त्यांना नोकरीत कायम करायचं की नाही, हे आज साहेबच ठरवणार होते. मुख्याध्यापक एकाएकी छताचे वासे पाहू लागले.

बाईंना मात्र ही संख्या ओळखीची वाटली. "साहेब, आवडता अंक सांगा."

"सात. का?"

"सात नव्वे त्रेसष्ट. आता या संख्येला त्रेसष्टनं गुणा."

"अहो, आमचा विषय इतिहास," असं कुरकुरत साहेबांनी खडू उचलला. दोनदा हातचे चुकले. तिसऱ्यांदा फळ्यावर ७७७७७७७७७ उतरलं. सगळे सात प्रार्थनेच्या रांगेत उभे राहावेत तसे.

"बाप रे," साहेब हळूच म्हणाले. "आणि सगळे चार हवे असतील तर?"

"छत्तीसनं गुणा."

चहा निवला तरी साहेब गुणतच होते. निघताना त्यांनी बाईंच्या कागदावर सही केली आणि शेरेबुकात लिहिलं: 'सदर भिंतीवर आठ घालणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.'