बघते

"झाकण तिरकं बसलं, तर काय कराल?" मॅडमनी विचारलं.

"बघते," वहिनी म्हणाल्या.

औषधाच्या बाटल्यांना झाकणं लावायचं नवं मशीन आलं आणि कुणाला ते किती येतं हे मोजायचं कंपनीनं ठरवलं. ज्याला येत नाही त्याची रवानगी गोदामात, अशी कुणकुण होती. गोदामात दिवसभर खोकी उचलायची आणि वहिनींची कंबर तर आधीच कुरकुरत होती. शिवाय जुन्या मशीनवर ज्या मुलींना हाताला धरून शिकवलं, त्यांच्या देखत तिकडे जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

"लाल दिवा लागला, पण भोंगा वाजला नाही, तर?"

"बघते ना."

आता 'बघतो' या शब्दाला या कंपनीत खास अर्थ होता. साहेब रजेबद्दल 'बघतो' म्हणाले की रजा विसरायची. मेकॅनिक पंख्याबद्दल 'बघतो' म्हणाला की लोक वारा घ्यायला पुठ्ठे शोधू लागत. पण शिकवणाऱ्या मॅडम मुख्य कचेरीतून नव्यानं आलेल्या. त्यांना वाटलं, बाई खरंच बघतात.

"छान. मग मशीन बंद करून बघता, की चालू ठेवून?"

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. काहीतरी ठोकून द्यावं, असं मनात आलंही. पण चुकीचं सांगितलं आणि ते बरोबर धरलं गेलं, तर उद्या त्या मशीनमध्ये हात त्यांचाच जाणार होता.

"मॅडम, खरं सांगू? मला ते मशीन येत नाही. भीती वाटते मला त्याची."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीला पाठ टेकली.

"सुटले बाई मी," त्या म्हणाल्या. "सकाळपासून जो येतो त्याला सगळं येतंय. मला इथं शिकवायला नेमलंय हो. कुणालाच शिकायचं नसेल, तर मला घरी बसवतील."

"आणि गोदाम?"

"कसलं गोदाम? उद्या सकाळी मशीनपाशी या. ते बंद कसं करायचं, तिथूनच सुरुवात करू."

वहिनी बाहेर आल्या. मशीन आल्यापासून त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. दाराशी बाकावर सुपरवायझर बसले होते. सगळ्या विभागाला नवं मशीन समजावून सांगितलं होतं ते यांनीच, आणि आता त्यांचा नंबर होता.

"काय झालं वहिनी?"

"येत नाही म्हणून सांगून टाकलं."

"मग?"

"शिकवणार आहेत."

सुपरवायझरनी इकडेतिकडे पाहिलं, कॉलर सारखी केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "नेमकं कसं म्हणालात? शब्द सांगा ना."