बोरीच्या गिरणीत गहाण

"आधी पैसे, मंग फोन," घनश्याम म्हणाला आणि फोन धरलेली मूठ त्यानं छातीशी नेली.

रुपीबाईनं त्याला वरून खालपर्यंत पाहून घेतलं. पिठाच्या गिरणीचा मालक. पिठानं भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. "फोनच हाय ना तो?" ती म्हणाली. "खुडूक कोंबडीवानी दाबून बसला म्हणून इचारलं."

घनश्याम हसला नाही. त्याचं हसू महिन्याभरापूर्वीच गेलं होतं. जुने दोन फोन विकायची जाहिरात त्यानं मोबाइलवर टाकली. पहिल्या गिऱ्हाइकानं पैसे पाठवल्याचा फोटो दाखवला, फोन खिशात घातला आणि गाडीला किक मारली. पैसे आलेच नाहीत. तेव्हापासून बोरी अरबच्या या गिरणीत उधारीवर दळून मिळे, पण उरलेल्या फोनला कोणाला हात लावायला मिळत नसे.

रुपीबाईचं म्हणणंही साधंच होतं. तिची धाकटी बहीण लीलाबाई केळापूरला दिलेली, जन्मापासून ठार बहिरी. दोघी बहिणी हातानं बोलत. त्यांची ती भाषा त्यांच्या मायबापालाही पुरती कळत नसे. लग्नं झाली आणि ते बोलणं वर्षातून एखाद्या लग्नकार्यावर आलं. आता लीलाबाईच्या सुनेनं तोंड दिसणारा फोन घेतला होता. म्हणजे अर्धं काम झालं होतं. उरलेलं अर्धं घनश्यामच्या मुठीत होतं.

"मले आवाज नाही आला तरी चालते," रुपीबाई म्हणाली. "बहिणीचं तोंड दिसलं पायजे. ते दिसल्यावर पैसे उद्या देतो म्हणणाऱ्यातली मी नाही. तिथंच तुह्या हातावर ठेवीन."

"टिनाखाली रेंज येत नाही. पुलावर जा लागते."

"मंग पोरगी जाईन. फोनातलं तिलेच समजते."

पोरगी दाराशी उभी होती, पाठीवर कॉलेजची बॅग. तिनं मान हलवली.

"अन् तिकडूनच पळाली तं?" घनश्याम म्हणाला. "दळण सोडून मी मांगं धावू?" पट्टा फिरत होता. कोणाची तरी ज्वारी जात्यात उतरत होती.

रुपीबाईनं दोन्ही हात मानेमागं नेले. चांदीची हासळी तिच्या गळ्यातून चाळीस वर्षांत उतरली नव्हती. ती तिनं काढली आणि गिरणीच्या तराजूत ठेवली. पारडं खाली गेलं.

"माह्या मायची हाय," ती म्हणाली. "पोरगी नाही आली तं हे तुही. अन् मी बी इथंच गहाण बसते. जन्मभर पीठ चाळून देईन. फक्त माह्यं तोंड तुले सहन करा लागन."

घनश्यामनं पारड्याकडे पाहिलं. मग एकेक बोट सोडत फोन पोरीच्या हातात दिला. रुपीबाईनं लीलाबाईच्या सुनेनं लिहून दिलेली नंबराची चिठ्ठी दिली. पोरगी गेली.

"नात धीट हाय तुमची," तो थोड्या वेळानं म्हणाला. "नाव काय तिचं?"

"कायले? सोयरीक कराची हाय?"

तो जात्याकडे वळला. एक डबा दळून झाला. दुसरा लागला. तोही झाला. घनश्याम दारात जाऊन रस्ता पाहून आला, मग तराजू पाहून आला.

"मावशी, पूल पाच मिनिटावर हाय. अर्धा घंटा झाला."

"चांदी माह्यी हाय तराजूत. मी काही बोलून राह्यली का?"

तरी तिचा हात एकदा मोकळ्या गळ्याकडे गेलाच. तिथं हासळीचा गोरा वळ तेवढा होता. मग तिनं पोरीचे हात आठवले आणि पोत्याला टेकून पाय लांब केले.

तिसरा डबा अर्ध्यावर असताना पोरगी आली. धापा टाकत, फोन दोन्ही हातांत धरून.

"आजी, त्या फोन बंदच करू देत नव्हत्या," ती म्हणाली. "तुमची चिठ्ठी दाखवली तवा कुठं हसल्या. तुम्ही समोर नाही म्हणून रागावल्याही. अन् सारख्या हातानं विचारत होत्या, तू कोण, तू कोण म्हणून."

रुपीबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि पैसे घनश्यामच्या पांढऱ्या हातावर ठेवले. फोन पदराला पुसून पोलक्यात खोचला. तराजूतली हासळी उचलली, तिच्यावरचं पीठ फुंकलं आणि गळ्यात चढवली.

घनश्याम पैसे धरून तसाच उभा होता. "मावशी," तो म्हणाला, "सख्ख्या बहिणीले तुमची नात ओळखू नाही आली?"

"कोणाची नात?" रुपीबाई म्हणाली. "सकाळी दारव्ह्याच्या स्टँडवर हे एसटीत माह्या बाजूले बसून होती. खालून एका बाईनं खिडकीतून आपलं तान्हं लेकरू हिच्या मांडीवर देल्लं, जागा धराले. माय गर्दीत दारातच अडकली. लेकरू ओकलं हिच्या अंगावर, तरी बोरी येईपर्यंत हिनं ते खाली नाही ठेवलं. लोक जिच्या हाती पोटचं लेकरू देतात, तिच्या हाती तुहा फोन द्याले मी कायले भेऊ?"

मग ती पोरीकडे वळली.

"पण पोरी, तुहं नाव तं इचाराचंच राह्यलं."