कमरेच्या उंचीवरून

चौथ्या वेळी बंदूक पडली आणि आतली टोपी फट्दिशी वाजली.

तपासनीस बाईने आधी सरांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. काडतुसात ना गोळी होती ना दारू. चाचणीपुरती बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी तेवढी ठेवलेली होती. पण टोपी वाजली म्हणजे खरी गोळी सुटलीच असती. आणि चापाला तर कुणी बोटही लावलेलं नव्हतं.

"चटई काढायची अवदसा कुणाला आठवली?" सरांनी विचारलं.

"मला."

काल रबरी चटईवर हीच बंदूक वीसदा टाकली होती आणि वीसही वेळा ती गप्प पडून राहिली होती. नव्या बंदुकीच्या अंगावर ओरखडे नकोत म्हणून चाचणीच्या खोलीत ती चटई वर्षानुवर्षं अंथरलेली असे. त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आज जेवणानंतर बाईने ती गुंडाळून भिंतीला लावली आणि उघड्या सिमेंटवर बंदूक कमरेच्या उंचीवरून सोडली.

ही छोटी सबमशीनगन म्हणजे सरांचं शेंडेफळ. सात वर्षं जीव ओतून त्यांनी ती आखली, घडवली, पुन्हा पुन्हा मोडून घडवली. खांद्याला टेकवायचा दस्ता दुमडला की कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढीच. कोटाखाली मावावी, गाडीतून उतरताना दाराला अडकू नये. पण लांबी कापता कापता आतल्या स्प्रिंगला पुरेशी जागाच उरली नाही, आणि दस्त्यावर आपटली की धक्क्याने आतला जड बोल्ट मागे जाऊन आपसूक पुढे येत होता आणि काडतुसाच्या टोपीवर आदळत होता. हे सरांना समजावून सांगायला नको होतं. बाईला बंदूक उघडायला शिकवली तीच मुळी त्यांनी.

"अगं, खऱ्या कामात इतकी सरळ दस्त्यावर पडते का कधी?"

"दमलेल्या माणसाच्या हातून कशीही पडते, सर."

"नियमात जमीन कसली असावी ते लिहिलेलं नाही. चटईवर वीसपैकी वीस. तेवढं लिही, सही कर आणि मोकळी हो. मला आजच कागद हवाय."

"पहिली खेप पहाऱ्याच्या तुकडीला जायची आहे. माझा धाकटा भाऊ आहे त्यात."

"म्हणून तर तुझा हात अडतोय. भावाला मध्ये आणू नकोस." सरांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "मी सांगतो ना, काही होत नाही हिला."

सरांचा शब्द बाईने आजवर कधी खाली पडू दिला नव्हता. आज पहिल्यांदाच तिला त्यांचा राग आला, आणि राग आला याचं वाईटही वाटलं.

तिने बंदूक उचलली, मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं, बोल्ट मागे ओढला आणि आतली जागा त्यांना दाखवली. सरांनी चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिलं, सवयीने आत करंगळीही फिरवली.

"रिकामी," ते म्हणाले.

"रिकामी," तीही म्हणाली. बोल्ट हळूच पुढे येऊ दिला, बंदूक कमरेजवळ धरली आणि हात सोडला.

लोखंड सिमेंटवर आपटल्याचा आवाज झाला, दुसरं काही नाही. पण सर जागेवर नव्हते. जिना चढताना दर चार पायऱ्यांवर थांबणारा बासष्ट वर्षांचा हा माणूस एका उडीत लोखंडी कपाटाआड गेला होता. एरवी बाईला हसू आवरलं नसतं. आत्ता तिला रडू येत होतं.

सर बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांची धाप तेवढी ऐकू येत होती. मग कपाटाआडूनच त्यांचा आवाज आला, अगदी खालचा.

"भावाला फोन लाव," ते म्हणाले. "खेप सकाळीच गेली."