तारेतला जोड

भंगारवाला चारला येणार होता, आणि साडेतीनला जावयानं माईंसमोर कबूल केलं की यंत्र चालत नाही.

“म्हणजे तसं सगळं चालतंय,” तो म्हणाला. “फक्त सांगितलेलं लक्षात ठेवत नाही.”

“मग तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय, जावईबापू?” माई म्हणाल्या.

घर माईंचं होतं, जावई घरजावई. तीन वर्षांपूर्वी त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून हा कपाटाएवढा जुना संगणक उचलून आणला, आणि त्याच्यापायी माईंची खाट मागच्या खोलीतून निघून टीव्हीपाशी आली. न्हाणीघरातला नळ तीन वर्षं गळत होता. त्याला हात लावायला या गृहस्थाला सवड नव्हती. हे धूड मात्र रोज उघडायचं, पुसायचं, त्याचे सुटे भाग बदलायचे. रविवारी त्याच्यासारखेच चार रिकामटेकडे जमायचे आणि बाळंतिणीच्या खोलीत आल्यासारखे हळू आवाजात बोलायचे. “केवढी बुद्धी ओतलीय याच्या पोटात,” एक जण दर वेळी म्हणायचा. कप उचलता उचलता माई म्हणायच्या, “थोडी बाहेर ठेवली असती तर बरं झालं असतं.”

शेवटी माईंनी महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात चालू झालं तर राहील, नाही तर भंगारात, आणि खोली माईंची. जावयानं शब्द दिला. शब्दाचा पक्का होता. त्याच्यात सापडलेला तेवढा एकच गुण.

“कुठं मेलंय ते दाखवा तरी,” माई म्हणाल्या. मढं उचलण्याआधी तोंड बघावं, एवढाच हेतू.

जावयानं दिव्याखाली तळहाताएवढी एक चौकट धरली. “ही याची मेमरी. हिच्यातली एक तार तुटलीय. परवा ब्रशनं धूळ काढत होतो, तेव्हा गेली असणार.”

“कसल्या ब्रशनं?”

जावई जमिनीकडे बघत म्हणाला, “दात घासायच्या.”

मग त्यानं वर पाहिलं. माई चौकटीकडे बघत होत्या. खसखशीएवढे काळे मणी, हजारोंनी. प्रत्येकातून केसासारख्या तारा गेलेल्या. उभ्या, आडव्या, तिरप्या.

“बायका हातानं ओवायच्या हे,” जावई म्हणाला. “आता जगात कोणाला येत असेल असं वाटत नाही.”

माईंनी लग्नाआधी दोन वर्षं हेच ओवलं होतं. लांबलचक खोली, चाळीस मुली, पांढरे डगले, बोलायला बंदी. मणी कशासाठी ते कोणी सांगितलं नाही, आणि चौथीतून शाळा सुटलेल्या पोरींनी विचारलं नाही. सहीऐवजी प्रत्येकीला एकेका रंगाचा दोरा दिलेला असे. चौकट पुरी झाली की कोपऱ्यात आपल्या रंगाची गाठ मारायची. आई मण्यांच्या कारखान्यात होती, एवढं लेकीला ठाऊक होतं. ती समजत होती गळ्यातल्या माळांचे मणी.

“भिंग द्या इकडं,” माई म्हणाल्या.

मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना भिंतीवरची मुंगी दिसायची. तार शोधायला त्यांना वेळ लागला नाही.

“तुमच्या ब्रशाचं नाव कशाला, त्याच्यात तेवढीही धमक नाही. इथं जोड दिला होता, तो सुटलाय.”

“जोड?”

“ओवताना तार तुटली तर अख्खी काढून टाकायची आणि पहिल्या मण्यापासून नवी घालायची. हा नियम. या बयेनं दोन टोकांना पीळ दिला, वर कथलाचा डाख लावला आणि दिली पुढं ढकलून. असल्या आळशी बाईला आमच्या मुकादमीणबाईंनी झाडू मारायलाही ठेवलं नसतं.”

लेक दारात येऊन उभी राहिली होती. “आई, तुला काय कळतं त्यातलं?”

“तुझ्या नवऱ्याहून जास्त. गप बघ.”

कामचुकार कोण ते बघून तिचा नावासकट उद्धार करावा, म्हणून माईंनी भिंग कोपऱ्याकडे सरकवलं. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या. उद्धार काही झाला नाही.

खाली भंगारवाल्यानं घंटी वाजवली. जावई उठला. “येऊ दे त्याला वर. शब्द दिलाय मी.”

“बसा खाली,” माई म्हणाल्या. आणि लेकीला म्हणाल्या, “त्याला सांग, आमच्याकडं भंगार नाही. येताना बारीक चिमटा आण.”

जुनी तार काढून नवी घालायला अडीच तास लागले. चौसष्ट मणी. जावयानं दिवा धरला. त्याचा हात हलला की माई नुसत्या वर बघत, आणि हात थांबे. शेवटी टोकांना डाख मात्र त्याला देऊ दिला. माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटावं.

मग त्यानं यंत्राला एक आकडा सांगितला. यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. आकडा तिथंच होता.

“वीज गेली तरी ही मेमरी विसरत नाही, माई,” जावई म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “पन्नास वर्षांपूर्वीचंसुद्धा धरून ठेवते.”

“दिसलं ते,” माई म्हणाल्या, आणि टीव्हीपाशी आपल्या खाटेवर जाऊन बसल्या.

जावई चौकट जागेवर बसवता बसवता थांबला. “माई, या कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ कसली हो?”

“त्या आळशी बाईची सही,” माई म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी माझं लग्न होतं.”